चाचणी आणि साम्यविवेक : ‘गिट’च्या शेल-चाचणीचौकटीचे परीक्षण

संगणकाची आज्ञावली तपासण्याचे साधन हा भाषाशास्त्राच्या पत्रिकेत परीक्षणाचा विषय व्हावा, ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. परीक्षण कोशाचे होते, व्याकरणाचे होते, फार तर एखाद्या संपादित संहितेचे होते. शेलमध्ये लिहिलेल्या चाचण्यांचे परीक्षण कशासाठी? ह्या प्रश्नाचे उत्तर अलीकडचे प्रबंध चाळले असता सापडेल. शब्दांची वारंवारता, प्रत्ययांचे वितरण, बोलींतील रूपांची तुलना असे तक्ते त्यांत पानोपानी येतात, आणि ते हाताने मोजलेले नसतात. कमांड-लाइनवर चालणारी छोटी साधने ते काढून देतात, व ही साधने बहुधा विद्यार्थ्यांनीच लिहिलेली असतात. निवेदक कोणत्या गावचा, त्याचे वय काय, शिक्षण किती, हे आपण काटेकोरपणे नोंदवितो. तक्ता ज्या आज्ञावलीने काढला ती विश्वसनीय आहे हे कोणी व कसे ठरविले, ह्याविषयी मात्र प्रबंधात एक वाक्यही नसते.

ही उणीव ज्याला भरून काढावयाची आहे त्याने पाठ्यपुस्तकातील व्याख्यांपासून आरंभ न करता एखादी चांगली, वापरात मुरलेली चाचणीचौकट ग्रंथासारखी वाचावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी ‘गिट’ ह्या साधनाची चौकट येथे निवडली आहे. गिट हे फाइलींच्या आवृत्त्यांचा हिशेब ठेवणारे कमांड-लाइन साधन होय. लिनस टोरव्हाल्ड्स ह्यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिले. पुढल्याच महिन्यात जुनिओ हमानो ह्यांनी त्यास शेलमधील चाचण्यांची जोड दिली, व जुलै २००५ पासून संपूर्ण प्रकल्पाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. आज ह्या चाचण्यांच्या फाइली हजाराच्या घरात आहेत. त्यांना ग्रंथालयातील वर्गांकांसारखे चार आकडी क्रमांक आहेत : शून्याने आरंभ होणाऱ्या फाइली अगदी मूलभूत गोष्टींच्या, चाराने आरंभ होणाऱ्या दोन आवृत्त्यांतील फरक दाखविणाऱ्या आज्ञांच्या, आणि असेच पुढे.

चौकटीची रचना साधी आहे, इतकी की तिचा गाभा पन्नास-साठ ओळींत मावेल. चाचणी म्हणजे एक शीर्षक व शेलमधील आज्ञांचा एक उतारा. चौकट तो उतारा एका तात्पुरत्या, नंतर टाकून द्यावयाच्या डिरेक्टरीत चालविते, त्याची परिणामसंख्या पाहते, आणि क्रमांकासह ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ अशी ओळ छापते. ही छापण्याची पद्धत मूळची पर्ल भाषेच्या १९८७ मधील पहिल्या आवृत्तीच्या चाचण्यांतील. गिटने ती २०१० मध्ये स्वीकारली. परिणामसंख्येविषयी एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकास रुचेल. शेलमध्ये यशाची खूण शून्य आहे आणि अपयशासाठी १ ते २५५ हे सर्व अंक मोकळे आहेत. यश अचिन्हित, अपयश चिन्हित. आणि चिन्हितालाच प्रकार असतात. गिटच्या चौकटीचा खरा मोठेपणा ह्याच ठिकाणी आहे : अपयशाविषयी तिने हळूहळू एक शब्दसंपदा घडविली.

ह्या शब्दसंपदेचा इतिहास म्हणजे अर्थपरिवर्तनाचे एक नमुनेदार उदाहरण होय. आरंभी चौकटीत दोन मुख्य क्रियापदे होती : ‘टेस्ट-एक्स्पेक्ट-सक्सेस’ आणि ‘टेस्ट-एक्स्पेक्ट-फेल्युअर’. दुसऱ्याचा अर्थ शब्दशः होता. उतारा अयशस्वी झाला पाहिजे. झाला तर चाचणी उत्तीर्ण. वरकरणी ह्यात दोष दिसत नाही. परंतु उताऱ्यात पाच आज्ञा असतील आणि पाचवी अयशस्वी व्हावी अशी आपली अपेक्षा असेल, तर पहिलीच आज्ञा काही क्षुल्लक कारणाने अडखळली तरी सर्व उतारा अयशस्वी ठरतो, आणि चाचणी मोठ्या दिमाखाने उत्तीर्ण होते. जे तपासावयाचे होते त्याला स्पर्शही होत नाही. २००८ मध्ये हा शब्दप्रयोग बदलण्यात आला. तेव्हापासून ‘टेस्ट-एक्स्पेक्ट-फेल्युअर’चा अर्थ झाला ‘ज्ञात दोष’ : असे घडावयास हवे, पण आज आज्ञावलीत ते घडत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. अशी चाचणी अयशस्वी झाल्यास गजर होत नाही; उलट ती कधी अचानक यशस्वी झाली, तर ‘ज्ञात दोष नाहीसा झाला’ अशी नोंद होते. शब्द तोच राहिला, अर्थ आज्ञेकडून आज्ञावलीच्या कर्तव्याकडे सरकला. नवा शब्द न घडविता जुन्यालाच नवा अर्थ देण्याच्या ह्या निर्णयामुळे नवागतांचा गोंधळ आजही होतो, हे खरे. जुन्या भाषांतही असेच होते.

एखादी आज्ञा नेमकी अयशस्वी व्हावी ही मूळची गरज त्याच सुमारास ‘टेस्ट-मस्ट-फेल’ ह्या वेगळ्या क्रियापदाकडे गेली. हे केवळ नकारार्थी चिन्ह नव्हे. शेलमध्ये उद्गारचिन्ह लावून यशाचे अपयश व अपयशाचे यश करता येतेच. ‘टेस्ट-मस्ट-फेल’ त्यापलीकडे जाऊन विचारते की आज्ञा नकार देऊन थांबली, की कोसळली? आज्ञावलीने विचारपूर्वक ‘हे शक्य नाही’ असे सांगणे निराळे, आणि स्मृतीतील चुकीच्या जागी हात घालून ती मरून पडणे निराळे. संकेताने मृत्यू आल्यास परिणामसंख्या १२८ च्या पलीकडे जाते, आज्ञाच न सापडल्यास ती १२७ असते. अशा वेळी ‘टेस्ट-मस्ट-फेल’ समाधान मानीत नाही.

येथे वाक्यविचारातील तारकाचिन्हाची आठवण होते. अव्याकरणिक वाक्याच्या आधी तारका घालून आपण म्हणतो की व्याकरणाने हे वाक्य नाकारले पाहिजे. पण तारका नकाराचे कारण सांगत नाही. वाक्य लिंगवचनाच्या विसंगतीने नाकारले, की अर्थाच्या विसंगतीने, की आपण उदाहरण देताना केलेल्या लेखनदोषाने? गिटच्या क्रियापदातही हेच छिद्र राहून गेले आहे. आज्ञेचा पर्याय लिहिताना चाचणीकर्त्याचे एक अक्षर चुकले, तर गिट वापराची रीत छापून १२९ ह्या संख्येने थांबते. १२९ हा सभ्य नकार आहे असे चौकट मानते. म्हणजे चाचणी लिहिणाराच चुकला, तरी चाचणी उत्तीर्ण! ह्यावर उपाय दोन : नेमकी संख्या मागणारे ‘टेस्ट-एक्स्पेक्ट-कोड’ वापरावे, किंवा त्रुटिसंदेश फाइलीत घेऊन त्यातील शब्द शोधावा. दोन्ही उपाय चौकटीत आहेत, पण ऐच्छिक आहेत. प्रस्तुत लेखकास हा ह्या चौकटीतील सर्वांत गंभीर दोष वाटतो. कारण अपयशाची अपेक्षा करणाऱ्याने अपयशाचे कारण सांगितलेच पाहिजे, अशी सक्ती ती करीत नाही.

आपल्या परंपरेत ही सक्ती होती. व्याख्यान म्हणजे केवळ सूत्राची पदे तोडून दाखविणे नव्हे; उदाहरण, प्रत्युदाहरण आणि वाक्याध्याहार मिळून व्याख्यान होते, असे पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात म्हटले आहे. (वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या भाषांतरामुळे हा भाग मराठी वाचकास सुलभ झाला आहे.) प्रत्युदाहरण म्हणजे नुसते चुकीचे रूप नव्हे. काशिकेसारख्या वृत्तींत सूत्रातील एकेक पद उचलून ‘इति किम्’ असा प्रश्न केलेला आढळतो : हे पद कशासाठी? आणि मग ते पद नसते तर कोणते अनिष्ट रूप सिद्ध झाले असते, ते दाखविलेले असते. स्वर पुढे असता इकाराचा यकार होतो, असे सांगणाऱ्या सूत्रातून ‘स्वर पुढे असता’ हा भाग काढा. मग ‘दधि अत्र’चे ‘दध्यत्र’ तर होईलच, पण ‘दधि’पुढे व्यंजन आले तरी यकार होऊ पाहील. एकेका पदाची गरज एकेका उदाहरणाने सिद्ध करण्याची ही रीत आहे. आज सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आज्ञावलीतील एखादी ओळ मुद्दाम बिघडवून कोणती चाचणी पडते ते पाहतात, आणि एकही पडली नाही तर चाचण्या अपुऱ्या मानतात. ही पद्धत वैयाकरणांकडून घेतली असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तसा काही पुरावा नाही. पण ज्याने ‘इति किम्’ वाचले आहे त्याला तिचे मर्म समजावून सांगावे लागू नये.

गिटच्या चौकटीने ‘इति किम्’ हा प्रश्न एकदा स्वतःच्याच चाचण्यांना विचारला, आणि तो भाग तिच्यातील सर्वांत बुद्धिमान होय. शेलमधील उताऱ्याची परिणामसंख्या म्हणजे त्यातील शेवटच्या आज्ञेची परिणामसंख्या. म्हणून सर्व आज्ञा जोड-अँपरसँडने, ‘आणि मग’ ह्या अर्थाने, साखळीत गुंफाव्या लागतात. एक दुवा सुटला की त्याच्या आधीचे सर्व अपयश गिळले जाते, आणि कोणाला त्याची वार्ताही लागत नाही. शेकडो फाइलींतून असा सुटलेला दुवा डोळ्यांनी शोधणे अशक्यच. २०१५ मध्ये जेफ किंग ह्यांनी ह्यावर एक युक्ती योजिली. प्रत्येक उताऱ्याच्या आधी ११७ ही परिणामसंख्या देऊन थांबणारी एक आज्ञा जोडावयाची व तो चालवावयाचा. साखळी अखंड असेल तर पहिल्याच पायरीला अपयश येऊन पुढील काहीही चालणार नाही, आणि अखेरीस ११७ हीच संख्या हाती येईल. दुवा कोठे सुटला असेल तर त्यापुढील आज्ञा चालेल व निराळी संख्या येईल. ११७ ला स्वतःचा अर्थ काही नाही. दुसरी कोणतीही आज्ञा ती संख्या सहसा देणार नाही, एवढाच तिचा गुण. कंसातील उपशेलांपर्यंत ही युक्ती पोचत नव्हती, म्हणून पुढे त्यासाठी निराळे साधन जोडावे लागले. पण परीक्षकाचेही परीक्षण झाले पाहिजे हे तत्त्व तिने चौकटीत रुजविले.

येथवर अपयशाचा विचार झाला. आता साम्याचा. ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ अशा दोन फाइली करावयाच्या व ‘टेस्ट-सीएमपी’ने त्यांची तुलना करावयाची, ही गिटच्या चाचण्यांची नेहमीची रीत आहे. तुलना बाइट-बाइटशी होते. एका बाइटचाही फरक म्हणजे फरक. ब्लूमफिल्डने १९३३ च्या आपल्या ग्रंथात भाषाशास्त्राचे मूलभूत गृहीतक म्हणून असे मांडले होते की प्रत्येक भाषिक समाजात काही उच्चार रूपाने व अर्थाने समान असतात. दोन उच्चार ध्वनिदृष्ट्या कधीच तंतोतंत सारखे नसतात; समाज त्यांना सारखे मानतो, आणि आपले शास्त्र तेथून सुरू होते. बाइटशः तुलना हे गृहीतक नाकारते. मग गिटच्या चाचण्या चालतात कशा? चौकट भोवतालचे सर्व जग गोठवून टाकते म्हणून. भाषा व स्थलविशेष ‘सी’ ह्या निर्विकार मूल्यावर, कालविभाग जागतिक वेळेवर, आणि घड्याळसुद्धा नियमित. ‘टेस्ट-टिक’ ही आज्ञा प्रत्येक वेळी साठ सेकंद पुढे सरकते व तिचा आरंभबिंदू १११२९११९९३ हा आहे. हा आकडा उलगडून पाहिला असता ७ एप्रिल २००५, जागतिक वेळेनुसार रात्रीचे १० वाजून १३ मिनिटे व १३ सेकंद, असा निघतो. गिटच्या स्वतःच्या इतिहासातील पहिल्या नोंदीचा तोच क्षण आहे. चाचण्यांच्या जगात कालगणना त्या क्षणापासून सुरू होते, एखाद्या शकासारखी.

गोठविलेल्या जगाची किंमत द्यावी लागतेच. गिट प्रत्येक वस्तूला तिच्या आशयावरून काढलेले एक लांब नाव देते. मूळ पद्धतीत ते चाळीस षोडशमान अंकांचे होते. शेकडो चाचण्यांत ही नावे जशीच्या तशी लिहून ठेवली होती. नाव काढण्याची जुनी पद्धत दुर्बळ ठरल्यावर चौसष्ट अंकांची नवी पद्धत आणावयाचे ठरले, तेव्हा ह्या चाचण्या आज्ञावलीच्या दोषामुळे नव्हे, तर स्वतःच्या अतिकाटेकोरपणामुळे पडू लागल्या. नावे प्रत्यक्ष न लिहिता तक्त्यातून मागणारी ‘टेस्ट-ओआयडी’ ही सोय करून, फाइलींमागून फाइली दुरुस्त कराव्या लागल्या. ऑक्टोबर २०२० च्या आवृत्तीत नवी पद्धत प्रायोगिक म्हणून आली. काय आवश्यक आणि काय आनुषंगिक, हा भेद लिहितेवेळी केला नाही की तो पुढे असा करावा लागतो.

ह्याच्या उलट एक प्रयोग भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. २०११ च्या सुमारास गिटचे संदेश अन्य भाषांत अनुवादित होऊ लागले, तेव्हा प्रश्न आला : माणसासाठी असलेले वाक्य कोणते, आणि यंत्रासाठी असलेले कोणते? दुसऱ्याचा अनुवाद होता कामा नये; त्यावर इतर आज्ञावली अवलंबून असतात. हे तपासण्यासाठी ‘विषप्रयोग’ योजिला गेला. सर्व अनुवाद्य संदेशांच्या जागी एक निरर्थक ओळ छापावयाची आणि चाचण्या चालवावयाच्या. यंत्रासाठीचा मजकूर चुकून अनुवाद्य ठरला असेल, तर चाचणी पडेल. आपण ध्वनी बदलून अर्थ बदलतो की नाही हे पाहतो, त्याच जातीची ही परीक्षा. ती सांभाळण्याचा खर्च मिळकतीहून अधिक होतो असे ठरून २०२१ मध्ये ती काढून टाकण्यात आली. हिशेब कदाचित बरोबर असेल. तरीही एक सुंदर उपकरण गेले, अशी हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

आता ह्या सर्वांचा आपल्या कामाशी संबंध काय, ते स्वतःच्या एका चुकीवरूनच सांगतो. प्रस्तुत लेखकाने मराठी उताऱ्यांतील शब्दांची वारंवारता काढणारे एक छोटे साधन लिहिले होते, व गिटच्या धर्तीवर त्याच्या चाचण्याही केल्या होत्या. सर्व चाचण्या उत्तीर्ण होत. वर्षभर ते साधन विद्यार्थ्यांनी वापरले. मग एका विद्यार्थिनीने तक्ता समोर ठेवून विचारले, ‘‘सर, घाटमाथ्यावरच्या प्रवासवर्णनांत दर्या इतक्या वेळा कसा?’’

दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यास आणि आचाऱ्यास ही जोडी जशी, तशीच ही. रफार आणि पाऊणरकार ह्यांचा भेद मराठीत अर्थभेदक आहे, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास शिकवितो. पण युनिकोडमध्ये ‘दऱ्या’ हा शब्द तीन प्रकारांनी लिहिला जाऊ शकतो. पहिला प्रकार क्रमांक ०९३१ चा स्वतंत्र ‘ऱ’ वापरून : पाच संकेत, पंधरा बाइट. दुसरा, साधा ‘र’ व त्यापुढे नुक्ता घेऊन : सहा संकेत, अठरा बाइट. तिसरा, साधा ‘र’, हलन्तचिन्ह व शून्य रुंदीचा जोडक घेऊन : तोही सहा संकेत, अठरा बाइट. पडद्यावर बहुधा तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोघांना एक करते, कारण त्यांची समानता प्रमाणातच नोंदलेली आहे; तिसऱ्याला ते हात लावीत नाही. बाइटशः तुलना करणाऱ्यास हे तीन शब्द आहेत. मराठी वाचकास एकच.

मी काय केले होते? तुलनेत वायफळ फरक येऊ नयेत म्हणून मजकूर आधी ‘स्वच्छ’ करणारी एक गाळणी लावली होती. तीत दोन गोष्टी हिंदीच्या साधनांतून आल्या होत्या : नुक्ता काढून टाकणे, आणि शून्य रुंदीची चिन्हे काढून टाकणे. हिंदीत अनेक कामांसाठी हे खपून जाते. मराठीत मात्र दुसऱ्या प्रकारच्या दऱ्येतून नुक्ता गेला की उरतो दर्या; तिसऱ्या प्रकारच्या दऱ्येतून जोडक गेला की उरतो दर्याच. सह्याद्रीतील दऱ्या अशा रीतीने समुद्रात जमा झाल्या. मग चाचण्यांनी हे का पकडले नाही? कारण तीच गाळणी मी चाचणीतही लावली होती, आणि ‘अपेक्षित’ व ‘प्रत्यक्ष’ अशा दोन्ही फाइलींना लावली होती. जो भेद तपासावयाचा तो दोन्ही बाजूंनी आधीच पुसून टाकल्यावर चाचणी पडणार कशी? आज्ञावलीतील त्या दोन ओळी काढून पाहिल्या असत्या, तरी एकही चाचणी बोलली नसती. ‘इति किम्’ हा प्रश्न वर्गात शिकविणाऱ्याने तो स्वतःच्या चाचण्यांना विचारला नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे.

गिटने हा प्रश्न स्वतःपुरता सोडविला आहे. मॅकच्या जुन्या फाइलव्यवस्थेत फाइलींची नावे सुट्या घटकांत मोडून ठेवली जात. २०१२ मध्ये गिटने त्यासाठी एक सोय केली व तिच्या स्वतंत्र चाचण्या लिहिल्या. त्यांत जर्मन पद्धतीच्या दोन टिंबांच्या अक्षरांची अखंड व सुटी अशी दोन्ही रूपे बाइटांच्या अंकांनी लिहिलेली आहेत. हा तपशील महत्त्वाचा आहे. अक्षर प्रत्यक्ष टंकित केले असते तर संपादकाने, कळफलकाने वा नकल करणाऱ्याने ते कोणत्या रूपात ठेवले हे डोळ्यास कळले नसते. मराठीच्या चाचण्या लिहिणाऱ्यानेही ‘दऱ्या’ असे टंकित करू नये. ‘प्रिंटएफ’ला अंक देऊन तो शब्द घडवावा. फाइल वाचावयास कुरूप होते, पण ती काय तपासते ह्याविषयी संशय राहत नाही.

ह्यानंतर लेखकाने आपल्या साधनाची चौकट पुन्हा बांधली. गाळणी चाचणीतून पूर्ण काढली. तुलना गिटप्रमाणेच बाइटशः ठेवली. साम्याचा निर्णय मात्र दोन उघड याद्यांत लिहिला. पहिलीत समान मानावयाच्या जोड्या : दऱ्येची तीन रूपे, तशीच कुऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या ह्यांची. दुसरीत भिन्नच राहिल्या पाहिजेत अशा जोड्या : दर्या व दऱ्या, आचार्यास व आचाऱ्यास. दुसऱ्या यादीतील प्रत्येक जोडीसमोर ती का आहे, म्हणजे आज्ञावलीतील कोणती ओळ चुकली असता ती पडावी, हे एका वाक्यात नोंदविले आहे. ते वाक्य लिहिता आले नाही तर जोडी यादीत घ्यावयाची नाही. साम्य काय ह्याचा निर्णय असा भाषाशास्त्रज्ञाच्या सहीने कागदावर येतो. गाळणीच्या पोटात दडून राहत नाही.

असे करावयाचे तर शेलच कशाला, पायथनसारख्या भाषेत सर्व सोयी तयार असताना, असा आक्षेप येईल. शेलमध्येही तयार चौकटी आहेत : बॅट्स आहे, श-युनिट-टू आहे, आणि गिटच्याच चौकटीतून वेगळी काढलेली शार्नेस आहे. आक्षेप गैरलागू नाही. शेलची अवतरणचिन्हे व अवकाश ह्यांचे नियम भल्याभल्यांस चकवितात. पण कमांड-लाइनचे साधन वापरणारा ते ज्या जागी उभा राहून वापरतो, त्याच जागी उभी राहून शेलमधील चाचणी ते तपासते. विद्यार्थी आज्ञा टंकितो, चाचणीही तीच आज्ञा टंकिते. आज्ञावली उद्या दुसऱ्या भाषेत लिहिली, तरी चाचणीतील एक ओळ बदलत नाही. गिटमधील कित्येक आज्ञा आरंभी शेल व पर्लमध्ये होत्या, पुढे त्या सीमध्ये नव्याने लिहिल्या गेल्या. त्या स्थित्यंतरात ह्याच चाचण्या आधाराला होत्या.

गिटच्या चाचण्यांचा एक अवगुण मात्र आपण उचलू नये. एका फाइलीतील चाचण्या एकाच शेलमध्ये, एकाच डिरेक्टरीत, एकामागून एक चालतात. तिसरीने केलेली फाइल चौदावी वापरते. कथा म्हणून हे वाचनीय होते, पण चौदावी पडली तर दोष तिचा की तिसरीचा, हे शोधण्यात सकाळ जाते. आपली साधने लहान आहेत. प्रत्येक चाचणीला तिची सामग्री तिच्यातच देणे आपल्याला परवडते.

नव्या चौकटीत सध्या एक ‘ज्ञात दोष’ नोंदलेला आहे. ‘सी’ ह्या निर्विकार स्थलविशेषात शब्दांची क्रमवारी संकेतक्रमांकांप्रमाणे लागते, व युनिकोडमध्ये ‘ळ’चे स्थान ‘ल’ आणि ‘व’ ह्यांच्या मध्ये आहे. म्हणून ‘काळ’ हा शब्द ‘काव’च्या आधी येतो. शाळेत शिकविलेल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर, आणि त्याच्याही मागून ‘क्ष’ व ‘ज्ञ’. ‘क्ष’ला तर संकेत म्हणून स्वतंत्र अस्तित्वच नाही; तो क, हलन्तचिन्ह आणि ष मिळून होतो, म्हणून क्रमवारीत ‘क’च्या घरी जाऊन बसतो. तक्त्यात कोणता क्रम मानावयाचा ह्यावर विभागात एकमत झालेले नाही. ते होईपर्यंत ही चाचणी ‘टेस्ट-एक्स्पेक्ट-फेल्युअर’ ह्या क्रियापदाखाली, २००८ नंतरच्या अर्थाने, तशीच ठेवली आहे.